निम्म्या जगाचा हिशेब

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझा भाचा तेव्हा अकरावीत होता आणि सुट्टीला आमच्याकडे आला होता. 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' पाहून आला आणि रात्री जेवताना म्हणाला, "मामा, थॅनॉसचं तसं चुकलं कुठं? लोकसंख्या निम्मी झाली तर उरलेले तरी सुखानं जगतील ना?" माझा घास हातातच राहिला. असेच काहीसे वाक्य मी आठ वर्षांचा असताना आमच्या ओसरीवर ऐकले होते. तेव्हा ते बोलणारा कॉमिकमधला खलनायक नव्हता.

भाच्याला उडवून लावणे सोपे होते, पण त्याने प्रश्न तर्काचा विचारला होता, तेव्हा उत्तरही तर्कानेच द्यायला हवे होते. पुढचे काही महिने नोकरी सांभाळून मी जुनी कॉमिक्स आणि जनगणनेचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचत होतो. त्यातून हाती लागले ते इथे मांडतो.

थॅनॉस हे जिम स्टार्लिन यांनी निर्माण केलेले पात्र. 'आयर्न मॅन'च्या ५५ व्या अंकात, म्हणजे फेब्रुवारी १९७३ च्या अंकात, तो पहिल्यांदा दिसला. १९९१ मध्ये 'इन्फिनिटी गॉन्टलेट' ही सहा अंकांची मालिका आली. सहा दिव्य रत्ने जडवलेला हातमोजा घालून थॅनॉस चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात. असे वर आपल्याला नवे नाहीत. हिरण्यकशिपूच्या वरात फट होती, भस्मासुराच्या वरातही होती. थॅनॉसच्या शक्तीतली फट गणितात आहे.

कॉमिकमधले कारण आणि सिनेमातले कारण वेगळे आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कॉमिकमध्ये थॅनॉस मृत्युदेवतेवर भाळलेला आहे. आजवर जितके मेले त्याहून अधिक आज जिवंत आहेत, हा असमतोल दूर व्हावा अशी तिची इच्छा. विश्वाचे राहू द्या, पृथ्वीपुरता हिशेब करता येतो. अमेरिकेतल्या पॉप्युलेशन रेफरन्स ब्युरोच्या २०२२ च्या अंदाजानुसार आजवर सुमारे ११,७०० कोटी माणसे जन्माला आली. त्यांपैकी आज हयात ८०० कोटी, म्हणजे सातेक टक्के. प्रत्येक जिवंत माणसामागे तेरा-चौदा मृत. निदान आपल्या पृथ्वीपुरती तरी त्या देवतेची तक्रार टिकत नाही.

सिनेमातला थॅनॉस प्रेमाचे नाव काढत नाही. साधने मर्यादित, तोंडे अमर्याद, म्हणून निम्मी कमी करा, असे तो म्हणतो. आता हे तपासू. २०१८ मध्ये जगाची लोकसंख्या सुमारे ७७० कोटी होती. तिचे निम्मे ३८५ कोटी. जग या आकड्यावर १९७२ च्या आसपास होते, म्हणजे थॅनॉस कागदावर उतरला त्याच सुमारास. एवढी शक्ती खर्चून घड्याळ मागे गेले ते फक्त शेहेचाळीस वर्षे! भारत त्या चुटकीने साधारण १९८१ च्या जनगणनेवर, ६८ कोटींवर गेला असता. माझ्या वयाच्या वाचकांना १९८१ आठवत असेल. रेशनच्या रांगा होत्या, रॉकेलचे डबे होते, भूकही होती.

दुसरी अडचण प्रमाणाची. चुटकी निवड करत नाही, ती सगळ्यांना सारखीच लागते. रोगी निम्मे झाले तसे डॉक्टरही निम्मे झाले. खाणारे गेले तसे पिकवणारेही गेले. आणि 'निम्मे जीव' याचा अर्थ शब्दशः घेतला तर उभे पीक आणि गोठ्यातली जनावरेही निम्मीच उरतील. मग दर माणशी वाटा वाढला कुठे?

भाचा इथे अडला. "पण युरोपात प्लेगनंतर मजुरी वाढली होती ना?" त्याचे म्हणणे खरे होते. १३४७ ते १३५१ या काळातल्या प्लेगने युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे नेली. मजूर मिळेनात म्हणून मजुरी वाढू लागली. ती जुन्याच दरावर बांधून ठेवण्यासाठी इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना १३५१ मध्ये कायदा करावा लागला. पण तिथे माणसे गेली तरी जमीन जागेवर राहिली, आणि पुढे साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. शिवाय वाचलेल्यांच्या पदरात काय पडणार, हे तिथेही सत्ता कोणाच्या हाती यावर ठरू पाहत होते. आपल्याकडचा अनुभव उलटा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक. साथीने वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या माणसांनाच अधिक गाठले, त्यात पाऊसही दगा देऊन गेला. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला सुबत्ता आली नाही, महागाई आली.

भूक केवळ डोक्यांच्या संख्येने ठरत नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून दाखवले. त्या वर्षी उपलब्ध धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये लाखो माणसे मेली. धान्य होते, पण ते विकत घेण्याची ऐपत मजुरांकडे उरली नव्हती.

मग हा विचार आला कुठून? त्याचे मूळ १७९८ च्या माल्थसच्या निबंधात आहे. १९६८ मध्ये पॉल एर्लिक यांच्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब'ने तो घरोघरी नेला. त्या पुस्तकाची सुरुवातच दिल्लीच्या गर्दीतल्या टॅक्सीप्रवासाने होते. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, हे त्यांचे भाकीत खरे ठरले नाही. पण त्या भीतीवर धोरणे उभी राहिली. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

आमचे अण्णा प्राथमिक शिक्षक होते. त्यांना पाच 'केसेस' आणायच्या होत्या. एके दिवशी एक साहेब ओसरीवर चहा पीत म्हणाले, "गुरुजी, संख्या घटली की उरलेल्यांचं भलंच होणार आहे." अण्णांनी वहीत पाच ओळी आखल्या आणि पहिल्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले. उरलेल्या चार ओळी शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या. त्यांचा पगार थांबला.

लोकसंख्यावाढीचा वेग पुढे कमी झालाच, पण तो चुटकीने नाही. १९७० च्या सुमारास भारतात एका स्त्रीला सरासरी पाचांहून अधिक मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७ आला. मुली शिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, साधने हाती आली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा ते हेच सांगत होते, की निर्णय ज्याचा त्याने, आणि विशेषतः जिचा तिने, घ्यायचा.

दिवाळीला भाचा पुन्हा आला तेव्हा मी त्याला हे सगळे सांगितले आणि अण्णांची वही दाखवली. गणित त्याला लगेच पटले. वही मात्र तो बराच वेळ हातात धरून बसला होता. मग त्याने विचारले, "आजोबांचा पगार किती महिने थांबला होता?"

"तीन," मी म्हणालो.