बिल्ला उजळावा की राखावा?

चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या, आणि गुलालाने माणसे व पायऱ्या एकरंगी झाल्या, की आमच्या ज्ञातीच्या दुकानांत वेगळीच लगबग असे. कुलस्वामीच्या भेटीस आणावयाचे टाक व पितळी देव उजळून घेण्यासाठी भाविक येत. सोन्यारुप्याचे काम सोनाराकडे जाई, तांब्यापितळेचे आमच्याकडे येई. चिंच, लिंबू, मीठ, राख आणि विटकरीची पूड यांवर आमच्या वडिलांचा हात असा बसला होता की, कळकट समईदेखील घटकाभरात सोन्यासारखी झळकावी. अशा घरात वाढलेल्या आम्ही आज ‘जुने लष्करी बिल्ले घासू नयेत’ असे लिहावयास बसलो आहो, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु हे मत आम्हांस पुस्तकांतून मिळालेले नाही. ते एका चुकीतून मिळालेले आहे.

1972 च्या दुष्काळात पुष्कळांनी घरची भांडी मोडीत घातली. त्या वर्षी पूर्वेकडील दुष्काळी भागातील एक वृद्धा देवदर्शनास आली आणि एक घागर व फडक्यात बांधलेला एक पितळी बिल्ला वडिलांपुढे ठेवून म्हणाली, “हेही तोला, बाबा. घरधन्याचा आहे.” वडिलांनी घागरीचे पैसे दिले; बिल्ला मात्र तागडीत घातला नाही. “दिवस पालटले की घेऊन जा, मावशी,” असे सांगून त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला. त्याच्या पाठीवर कोणी तरी टोच्याने काही आकडे खरडले होते. ते वडिलांनी आम्हांस वाचून दाखविले होते.

पुढे खंडेनवमीस घरातील हत्यारे धुऊन पुजावयाची होती. आम्ही बारा वर्षांचे. वडिलांस आश्चर्यचकित करावे म्हणून तो बिल्ला आम्ही चिंचेत भिजवून विटकरीच्या पुडीने मनसोक्त घासला. झळकला तो असा की, शेजारीपाजारी पाहून गेले. वडिलांनी तो उलटा केला, क्षणभर पाहिला, आणि एकही शब्द न बोलता पुन्हा फडक्यात बांधला. पाठीवरचे आकडे गेले होते.

बऱ्याच वर्षांनी त्या वृद्धेचा नातू चैत्र यात्रेस आला. आजोबांचा शिपाई-क्रमांक मिळाल्यास पलटणीच्या दप्तरात त्यांचा शोध घेता येईल, असे त्यास कोणी सांगितले होते. आजी निवर्तली होती, घरी कागद नव्हता. आम्ही बिल्ला त्याच्या हाती दिला. तो लखलखीत होता आणि मुका होता. आकडे चार होते, एवढेच आम्हांस स्मरत होते.

आता प्रश्नाकडे वळू. बिल्ला म्हणजे केवळ शोभेचा पितळी तुकडा नव्हे; तो इतिहासाचा दाखला आहे. पहिल्या महायुद्धात कूट-अल-अमाराच्या वेढ्यात मराठ्यांच्या 103, 110 व 117 या क्रमांकांच्या पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौजेस शरण जावे लागले आणि कितीकांच्या नशिबी कैद आली. 1922 च्या पुनर्रचनेत हे जुने क्रमांक गेले. म्हणून खांद्याच्या बिल्ल्यावर असा आकडा दिसला, तर तो शिपाई कोणत्या काळचा हे चटकन कळते. मुकुटाचेही तसेच. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतील मुकुट आणि 1901 नंतरचा मुकुट यांच्या कमानींची घडण वेगळी. आणि प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. महार रेजिमेंट 1941 साली उभी राहिली, तेव्हाच्या तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. पुढे त्या जागी खंजीर आला. आपल्या कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स संस्थान विलीन झाल्यावर मराठा रेजिमेंटची एकोणिसावी पलटण बनली. जी नावे गेली, जी चिन्हे बदलली, ती आता अशा बोटभर पितळेवर उरली आहेत. कमानीचा बारीक उठाव एकदा झिजला की तो कोणी परत आणू शकत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. शिपाई स्वतः रोज सकाळी आपला बिल्ला व गुंड्या घासून चकचकीत करीत असे. कवायतीत मळका बिल्ला म्हणजे शिक्षा. मग आपण घासला तर त्याचीच शिस्त पाळली, असे का म्हणू नये? आमचे उत्तर असे की, त्याच्या हाताने झालेली झीज ही त्याच्या चाकरीची खूण आहे. आपल्या हाताने झालेली झीज ही केवळ आपल्या हौसेची खूण आहे. दुसरी भर पहिलीला पुसून टाकते.

देवाच्या टाकाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. टाक घासून घासून त्याचे नाकडोळे गेले, तर नवा घडवून त्याची प्रतिष्ठा करता येते, कारण देवत्व भावात आहे. बिल्ल्याचे मोल मात्र त्याच्या खुणांत आहे, आणि दुसरा घडविता येत नाही. आपल्या कोल्हापुरातच टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची चिमुकली धातुमूर्ती आहे. रोमन व्यापाराच्या काळची ती साक्ष कोणी चिंचेत बुडवून चकचकीत केली असती, तर तिचे वय सांगणारी अंगकांती कायमची गेली असती.

आता धातूची गोष्ट, कारण ती आपल्या ज्ञातीस अधिक कळते. पितळ म्हणजे तांबे व जस्त. आंबट पदार्थ वरचा काळपट थर विरघळवितो, पण त्याबरोबर वरवरचे जस्तही खातो; म्हणून फार काळ चिंचेत राहिलेले भांडे लालसर पडते. तो तांब्याचा उघडा पडलेला थर होय. बाजारातील काही पॉलिशांत अमोनिया असतो. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली असता आपोआप तडकत. हा मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचा प्रताप आहे, असे 1921 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ज्या पितळेस ठोकताना ताण बसलेला असतो, त्यास हा वायू वैरी आहे. शिवाय बिल्ल्यावर सोन्याचा वा चांदीचा मुलामा असेल, तर तो इतका पातळ असतो की पुडीच्या दोन-चार घासण्यांत खालचे पितळ दिसू लागते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर तर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. कड घासणे म्हणजे ते नावच घासणे होय.

मग काहीच करू नये काय? तसे नव्हे. काळपट-तपकिरी शांत थर हा धातूचे कवच आहे. तो असू द्यावा. परंतु फुसफुशीत हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर तो रोग समजावा; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणच्या जाणकारांस दाखवावे. धूळ व गुलाल मऊ कुंचल्याने झाडावा. अगदीच चिकट मळ असेल तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात सुती कापड किंचित ओले करून पुसावे, आणि लगेच पूर्ण कोरडे करावे. आमच्या डोंगरावर पावसाळ्यात धुके घरात शिरते. म्हणून बिल्ला ओल्या भिंतीच्या फडताळात, चामड्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कोरड्या सुती कापडात गुंडाळावा. आणि सर्वांत आधी, हात लावण्यापूर्वी, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे व पाठीवरचा प्रत्येक ओरखडा वहीत उतरवून ठेवावा. हे एवढे आम्ही खंडेनवमीस केले असते, तर तो नातू रित्या हाताने गेला नसता.

ज्ञातिबांधवांस शेवटी एक विनंती. आजही आपल्या दुकानांत मोडीबरोबर असे बिल्ले, पदके, गुंड्या येतात. सैनिक टाकळीसारखी गावे आपल्याच जिल्ह्यात आहेत. ज्या घरी असे काही नाही, असे घर तेथे क्वचितच असेल. तागडीत टाकण्यापूर्वी ती वस्तू उलटी करून पाहावी. आकडा असेल तर लिहून घ्यावा, आणणाऱ्याचे गाव विचारावे, आणि शक्य तर वडिलांप्रमाणे परत द्यावी. पितळ उजळणे हा आपला पिढीजात धर्म खरा. पण कोठे हात आवरावा, हे जाणणे हाही त्याच कसबाचा भाग आहे. वडिलांनी त्या दिवशी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही. तो न बोललेला शब्द आज, पन्नासांहून अधिक वर्षांनी, आम्ही त्यांच्या वतीने येथे लिहून ठेवीत आहो.