कामाचे तास आणि कामगाराचा होकार

नंदिगड्ड्यासारख्या गावात बागाईत आणि भातशेती यांचा दिवस सूर्य ठरवितो. कामाची कितीही घाई असो, मावळतीनंतर मनुष्य घरी परततो आणि सांजवातीला देवळाची पायरी चढतो. परंतु जोयडा तालुक्याच्या शेजारी, दांडेली येथे, 1955 साली स्थापन झालेल्या कंपनीची कागदाची गिरणी सुरू झाली आणि काळी नदीच्या खोऱ्यालाही पाळीच्या कामाची ओळख झाली. भोंग्यावर चालणाऱ्या या कामाला मर्यादा कशी पडली, तो इतिहास आमच्या वाचकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

त्याचा आरंभ मुंबईत झाला. तेथील कापडगिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. रविवारीही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांस यावे लागे. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ मुलांच्या तासांस मर्यादा घातली. तेव्हा ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरात परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा व वेळेवर पगार, या मागण्यांच्या अर्जावर 5,500 कामगारांनी सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी देवाचे करावयास सवड हवी, ही भावनाही या मागणीमागे होती. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

सुटी मिळाली, पण दिवसाची लांबी तशीच राहिली. 1891 च्या कायद्याने स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा दिली. प्रौढ पुरुषांस मात्र काहीच नाही. पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची उरलीसुरली मर्यादाही गेली. 1908 च्या कारखाना आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषाच्या तासांवर थेट बंधन घालण्यास विरोध केला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले आणि बारा तासांची मर्यादा सुचविली. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरती तीच स्वीकारली! 1922 मध्ये आठवड्याचे साठ तास झाले, 1934 मध्ये बारमाही कारखान्यांस चोपन्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना अठ्ठेचाळीस तासांचा पाया घातला गेला व 1946 मध्ये तसा कायदा झाला. 1948 च्या कायद्याने हीच मर्यादा ठेवून जादा कामास दुप्पट मजुरी ठरविली. ती केवळ कामगारास बक्षीस नव्हे. मालकाच्या हातास घातलेला तो आवरही आहे.

2023 मध्ये कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 75 तासांवरून 144 तासांवर नेली, मात्र कामगाराची लेखी संमती आवश्यक ठरविली. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या केंद्रीय श्रमसंहितेतही आठ तासांचा दिवस आणि जादा कामास कामगाराची संमती ही तत्त्वे आहेत.

आता प्रश्न उरतो तो या संमतीच्या खरेपणाचा. ज्याला ‘नाही’ म्हणताच नोकरीची धास्ती वाटते, त्याच्या ‘होय’ला काय अर्थ? म्हणूनच तासांची मर्यादा आणि निवडीचे स्वातंत्र्य ही परस्परविरोधी नव्हेत. पहिलीच्या आधाराने दुसरे उभे राहते. परळच्या सभांत जे एकेकट्याने बोलण्याचे धाडस झाले नसते, ते 5,500 जणांनी मिळून मागितले.

आमच्या समाजात दुकानदार आहेत, उपाहारगृहांचे चालक आहेत, कारखानदारही आहेत. पालखीला खांदेकरी मिळत नाहीत, भजनाला तरुण येत नाहीत, अशी खंत आपण करतो. आपल्या पदरी राबणाऱ्या माणसाची संध्याकाळ त्याच्या स्वाधीन आहे काय, हेही त्या वेळी प्रत्येकाने स्वतःस विचारावे.