नाव असं ठेवा, की कुणी नावं ठेवू नयेत

जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही शिक्षक सगळ्यात आधी हजेरीपट वाचतो. कांदिवलीत आमच्या वर्गात वीसेक वर्षांपूर्वी या पटावर रिझवान, इम्रान, शबाना, रेश्मा, यास्मीन अशी नावं असायची. आता एका वर्गात तीन अयान, दोन झोया, एक इनाया आणि एक अनाया बसते. "अयान" म्हणून हाक मारली की तिघं उभे राहतात. मग आम्ही आडनावाने बोलावतो, आणि तिघांपैकी दोघं शेख निघतात.

हसण्याची गोष्ट आहे, पण हेच मूल दहावीचा फॉर्म भरायला येतं तेव्हा हसू थांबतं. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिसरं. एका मुलीचे वडील फक्त एका अक्षरासाठी चार दिवस रिक्षा बंद ठेवून फिरत होते. म्हणून हा लेख. नावं येतात कुठून, त्यांचे अर्थ काय, आणि कागदावर चढवताना काय सांभाळायचं, हे एका जागी मांडतो.

सध्या चालणारी नावं

आजचे आईवडील लहान, दोन-तीन अक्षरी आणि उच्चारायला मऊ नाव शोधतात. त्यातल्या काहींचे अर्थ असे:

- अयान: उर्दू-फारसीत 'अयाँ' म्हणजे उघड, स्पष्ट दिसणारं.
- रय्यान: हदीसनुसार रोजेदार ज्या दारातून जन्नतमध्ये जातील त्या दाराचं नाव.
- रेहान: सुवासिक वनस्पती. आपल्या फालुद्यातला सब्जा याच कुळातला. हा शब्द सूरह रहमानमध्ये आहे.
- इनाया: काळजी, मेहेरबानी.
- आयत: निशाणी, कुरआनातलं वचन.
- तसनीम, सलसबील, कौसर: तिन्ही कुरआनात आलेली. पहिली दोन जन्नतच्या झऱ्यांची नावं, आणि कौसर म्हणजे विपुलता, जन्नतची नहर.
- सिद्रा: सिद्रतुल मुंतहा या बोरीच्या झाडावरून.
- झोया: हे अरबी किंवा उर्दू नाही. मूळ ग्रीक 'झोई', म्हणजे आयुष्य. रशियातून ते आपल्याकडे आलं. अर्थ चांगला आहे, एवढंच की मूळ माहीत असावं.

यांच्या जोडीला जुनी नावंही परत येत आहेत. झैनब, मरियम, खदीजा, हमजा, इब्राहीम, यूसुफ ही नावं आजी-आजोबांची वाटायची, ती आता बालवाडीत ऐकू येतात. आम्हाला याचा आनंद आहे.

नावं कुठकुठून आली

आपल्या महाराष्ट्रात नाव फक्त किताबातून आलेलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांची नावं आठवून पाहा.

*दर्गे आणि औलिया.* दस्तगीर, गौस, मेहबूब, जिलानी ही नावं बगदादच्या शेख अब्दुल कादर जिलानींच्या उपाध्यांवरून आली. दस्तगीर म्हणजे हात धरणारा. सोलापूर, लातूर, कोल्हापूरकडे बंदेनवाज नावाचे लोक भेटतात, ते गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्यावरून. त्यांचं निधन १४२२ सालचं, पण नाव आजही चालू आहे. मुंबई-कल्याणकडे मखदूम आणि मलंग ऐकू येतं. माहीमचे मखदूम अली माहिमी हे कुरआनचे मोठे भाष्यकार होते, आणि मलंगगडाचे हाजी मलंग सगळ्यांना ठाऊक आहेत.

*महिना आणि वार.* रमजान, शाबान, रजब, जुम्मा, ईदू. कॅलेंडर नसलेल्या घरात मुलाचं नाव हीच जन्मतारखेची नोंद होती.

*भीती आणि नवस.* शेख भिकन, शेख दगडू, फकीरा ही नावं मराठवाडा-खानदेशात खूप. आधीची मुलं दगावली की पुढच्याला नजर लागू नये म्हणून मुद्दाम साधं, दगडासारखं टिकणारं नाव ठेवायचे. शेजारच्या हिंदू घरातही दगडू-धोंडू याच कारणाने असायचे. आईची भीती दोन्ही घरांत सारखीच होती.

*मोठी माणसं.* डॉ. झाकिर हुसेन १९६७ साली राष्ट्रपती झाले. मोहम्मद अझहरुद्दीनने १९८४-८५ मध्ये पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकली. झिनेदिन झिदानने १९९८ चा फुटबॉल विश्वचषक गाजवला. पुढे सानिया मिर्झा आली, श्रीरामपूरचा झहीर खान आला. ही सगळी नावं पाळण्यापर्यंत पोहोचली. अलीकडे तुर्की मालिकेमुळे अर्तुगरुलही ऐकू येतं.

इथे एक सबुरीचा सल्ला. १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या काळात जन्मलेल्या काही मुलांना सद्दाम नाव मिळालं. ती मुलं आज पस्तिशीची आहेत आणि नोकरीच्या मुलाखतीत, विमानतळावर त्या नावाचं ओझं वाहत आहेत. बातमीतल्या माणसाची कीर्ती बदलते, पण मुलाचं नाव तेच राहतं. ज्याचं आयुष्य पूर्ण होऊन पारखलं गेलंय, त्याचं नाव ठेवलेलं बरं. आपल्याकडे अशी नावं कमी नाहीत. सावित्रीबाईंच्या सोबत मुलींना शिकवणाऱ्या फातिमा शेख, 'भारत छोडो' ही घोषणा देणारे मुंबईचे यूसुफ मेहेरअली, १९६५ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद. मुलाने "माझं नाव कुणावरून ठेवलं?" असं विचारलं की सांगायला गोष्ट असते.

कुरआनातला प्रत्येक शब्द नाव नसतो

आमच्याच घरातला प्रसंग. भाचीसाठी मोबाइलवरून एक नाव निवडलं. अर्थ लिहिला होता, 'जन्नतचं फूल'. सगळ्यांना आवडलं. अकीक्याच्या दिवशी मौलानांनी एवढंच विचारलं, "उर्दूत लिहून दाखवा." घरात दोन पदवीधर आणि एक शिक्षक, म्हणजे आम्ही, आणि कुणालाच ते ठामपणे लिहिता येईना. कारण तसा शब्दच कुठल्या शब्दकोशात नव्हता. त्या दिवशी बाळाचं नाव आजीने सुचवलेलं ठेवलं, आणि आम्ही एक धडा शिकलो.

काही उदाहरणं पाहा. 'मिनहा' आज बरंच ऐकू येतं. 'मोठी हे' असलेला मिनहा म्हणजे देणगी. पण कुरआनात वारंवार येणारा 'मिनहा' छोट्या 'हे'चा आहे आणि त्याचा अर्थ फक्त 'तिच्यातून' असा होतो. 'उन्झिला' हे तर क्रियापद आहे: 'उतरवला गेला'. 'अनम' ऐकायला गोड, पण सूरह रहमानमधला 'अनाम' म्हणजे सारी सृष्टी, आणि सहाव्या सूरहचं नाव 'अनआम' म्हणजे गुरंढोरं. 'लाइबा'चा अर्थ हूर म्हणून सांगतात. अरबीत त्याचा सरळ अर्थ 'खेळणारी' एवढाच आहे.

सगळ्यात नाजूक उदाहरण आसियाचं. अलिफ आणि सीनने लिहिलेली आसिया म्हणजे फिरऔनची ईमानवाली पत्नी. ऐन आणि स्वादने लिहिलं तर अर्थ होतो, आज्ञा मोडणारी. या दुसऱ्या नावाच्या एका स्त्रीचं नाव प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बदलून जमीला ठेवलं, असं हदीसमध्ये येतं. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही 'आसिया'च दिसतात. म्हणून फक्त देवनागरी वाचून नाव ठरवू नका.

प्रेषितांनी (स.) हज़्न, म्हणजे खडबडीत, नावाच्या एकाला सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचवलं होतं. वडिलांनी ठेवलेलं नाव बदलणार नाही, असं तो म्हणाला. पुढे त्याचा नातू सांगायचा की तो खडबडीतपणा आमच्या घरात राहूनच गेला.

दोन भाषांत नांदणारी नावं

आपली मुलं घरी उर्दू बोलतात, कोकणात मराठी-कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. त्यांच्यासाठी दोन्हीकडे अर्थ असलेली नावं आहेतच. समीर संस्कृतात वारा, तर अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. लीना संस्कृतात तल्लीन झालेली, आणि अरबीत खजुराचं झाड. सूरह हश्रमध्ये तो शब्द आहे. कबीर म्हणजे थोर, आणि तो साऱ्या भारताचा आहे. साहिल म्हणजे किनारा, कोकणकरांना तर घरचाच. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल 'अमर शेख' म्हणून शाहीर झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत लोकांनी ते नाव डोक्यावर घेतलं.

लिहिताना होणाऱ्या चुका

*ज की झ?* उर्दूतला 'ज़' मराठीत दोन तऱ्हांनी येतो. 'जीव'मधला ज आणि 'जोर'मधला ज मराठीत वेगळे बोलतो, पण लिहितो एकसारखे. म्हणून कुणी जैनब लिहितं, कुणी झैनब, आणि इंग्रजीत J आणि Z ची अदलाबदल होते. त्यातच इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचं मराठी रूप संगणक आपोआप करतो, आणि रय्यानचा 'रायन' होतो. पावती हातात घेण्याआधी पडद्यावरची दोन्ही रूपं वाचा.

*अब्दुल एकटा ठेवू नका.* अब्दुल म्हणजे 'च्या बंदा', अर्धाच शब्द. अब्दुल रहमान हे एक नाव आहे. फॉर्ममध्ये अब्दुल पहिल्या रकान्यात गेला आणि रहमान वडिलांच्या, तर नाव तुटलं. अब्दुलरहमान असं जोडून लिहिलेलं सोयीचं. अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वात प्रिय नावं आहेत, असं हदीस सांगते. ती पूर्ण लिहूया.

*'मो.' चालणार नाही.* मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मो., एमडी अशी पाच रूपं आम्ही एकाच घरात पाहिली आहेत. ही अडचण जगभर आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ साली 'मुहम्मद' हे मुलांचं सर्वात जास्त ठेवलं गेलेलं नाव ठरलं, ४,६६१ मुलं. पण तिथले आकडे स्पेलिंगप्रमाणे वेगळे मोजतात, त्यामुळे मोहम्मद, मोहम्मेद हे त्याच यादीत वेगळ्या क्रमांकांवर आहेत. सरकारी संगणकाला स्पेलिंग बदललं की माणूस बदललेला दिसतो.

*शेख पुढे की मागे?* मराठवाडा-विदर्भात 'शेख रफीक शेख चाँद' असं लिहितात, मुंबई-कोकणात 'रफीक चाँद शेख'. दोन्ही बरोबर. पण गावच्या आणि मुंबईच्या कागदांवर एकच पद्धत ठेवा.

कागदाची बाजू

१. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात जन्म झाला तर ती नोंद रुग्णालय पाठवतं. मूल जिथे जन्मलं त्या विभागात नोंद होते, तुम्ही राहता तिथे नाही. कांदिवलीत जन्म असेल तर पालिकेचं आर दक्षिण विभाग कार्यालय.

२. नाव ठरलं नसेल तरी जन्माची नोंद होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाईत नाव देण्याची गरज नाही, आणि विसरण्याचीही सोय नाही.

३. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. पूर्वीसारखं शाळेच्या दाखल्यावर भागणार नाही.

४. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणून आईच्या कागदांवरचं नावही आधीच नीट करून घ्या. लग्नाआधीचं 'शबाना बी' आणि नंतरचं 'शबाना बेगम' हा गोंधळ आता मुलाच्या नावात उतरतो.

५. लेखनिकाची चूक जन्मनोंदीत दुरुस्त होऊ शकते. मोठेपणी नाव बदलायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. शाळेत असतानाच चूक लक्षात आली तर लगेच मुख्याध्यापकांना भेटा. दाखला हातात पडल्यावर तेच काम फार लांबतं.

नाव ठरवण्याआधी

अकीका सातव्या दिवशी, तोवर वेळ आहे. फुपीचा मान फुपीला द्या, आजीला विचारा, मोबाइलही बघा. मग एक कोरा कागद घ्या आणि नाव तीनदा लिहा: उर्दूत, मराठीत, इंग्रजीत. उर्दूचा अर्थ एखाद्या आलिमला विचारा. मराठी रूप शेजारच्या मुलाकडून वाचून घ्या. तो अडखळला तर शाळेतले बाईही अडखळतील. इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरलं की तो कागद घडी करून जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये ठेवा, आणि प्रत्येक फॉर्म त्यावरूनच भरा.

त्या रिक्षावाल्या भावांची मुलगी दहावी झाली, नाव दुरुस्त झालं. निकालाच्या दिवशी त्यांनी आधी टक्के नाही, गुणपत्रिकेवरचं नाव वाचलं. अक्षर न् अक्षर, बोट ठेवून.