इंग्रजीचा अभ्यास आणि मराठी गद्याची घडण

इंग्रजी शिक्षणाने मराठीचे नुकसान केले की हित, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. या वादात एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. एकोणिसाव्या शतकात मराठी मुलांना इंग्रजी वाचन, व्याकरण आणि निबंधलेखन साधावे म्हणून जी साधने तयार झाली, त्यांतूनच अर्वाचीन मराठी गद्याची बरीचशी घडण झाली.

प्रथम वाचनाचा विचार करू. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. एक स्तंभ अडला की दुसऱ्याचा आधार घेता येई. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४७ मध्ये मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला आणि इंग्रजी पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला खरा सोबती मिळाला. परकीय शब्दाचा अर्थ देण्यासाठी मराठी शब्दांची मोजदाद करावी लागली आणि आपला शब्दसंग्रह केवढा आहे हे मराठी माणसाला त्यातून उमगले.

व्याकरणाचेही तसेच झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय थॉमस कँडी यांना दिले जाते. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा’ लिहून वाक्यपृथक्करणाची इंग्रजी पद्धत मराठी वाक्यरचनेला लावून पाहिली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने तर घरोघरच्या अभ्यासाला शिस्त लावली. आधी शब्द, मग नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, असा तिचा क्रम होता. हा अभ्यास करणाऱ्याला दोन्ही भाषांतील वाक्य नीट उकलून पाहावेच लागे. ज्याचे मराठी वाक्य डळमळीत, त्याचे इंग्रजीही डळमळीत, हे त्याच्या आपोआप ध्यानी येई.

निबंधलेखनाच्या संदर्भात विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण बोलके आहे. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी जॉन्सन आणि मेकॉले यांचे मनन केले होते. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी आरंभिलेले भाषांतर त्यांनी पूर्ण केले. मात्र या व्यासंगाचे फळ त्यांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’च्या रूपाने मराठीच्या पदरात टाकले.

या इतिहासाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर पडली. इंग्रजी हे ज्ञानाचे साधन न राहता पदवीचा आणि नोकरीचा दरवाजा ठरले. मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून झटले ते न्यायमूर्ती रानडे. १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. इंग्रजी उत्तम आत्मसात केलेल्या माणसालाच मराठीची उणीव सर्वांत तीव्रतेने जाणवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतील मुलाला तर कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू अशी आणखी एखादी भाषाही सांभाळावी लागते. त्याच्या इंग्रजीच्या अभ्यासात मराठीला जागा उरली नाही, तर ती घरच्या बोलण्यापुरतीच राहील. अशा ठिकाणी मराठी ग्रंथालयाचे काम केवळ कथा-कादंबऱ्या पुरवण्याने संपत नाही. वाचनकक्षातील एका मेजावर इंग्रजी धडा, मराठी कोश आणि शंका सांगणारा एखादा जाणता सभासद एकत्र आले, तर एकोणिसाव्या शतकातील ती जुनी परंपरा पुढे चालू राहील. मुलाचे इंग्रजी सुधारेल आणि त्याच खटाटोपात त्याची मराठीही त्याच्याजवळ राहील.