शरीराचा आपपरभाव आणि मुलांचा मधुमेह

मधुमेह म्हटला की पोक्त वय आणि बैठे काम आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आठदहा वर्षांच्या मुलाला एकाएकी जडणारा मधुमेह निराळा. तो झाला की आई स्वतःला बोल लावते, ‘मीच याला लाडाने गोडधोड दिले!’ हा बोल खरा नाही. तो का खरा नाही, हे उमगण्यास शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. तीच हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

१९०० च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचले. त्या परक्या रक्तपेशींचा नाश करणारी प्रतिपिंडे बकऱ्यांच्या अंगात तयार झाली. स्वतःच्या रक्तपेशींना मात्र धक्का लागला नाही. शरीर स्वतःवर उलटू नये अशी काही योजना असली पाहिजे, असे एर्लिख म्हणाले. पुढच्या पिढीने त्याचा अर्थ, शरीर स्वतःवर उलटतच नाही, असा केला. थोरांचे वचन असे कधी कधी वाट अडवून बसते!

१९२२ साली टोरांटोत इन्सुलिन प्रथम माणसाला टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले परतली. पण इन्सुलिन बनवणाऱ्या, स्वादुपिंडातील बेटांमधल्या पेशी मुळात मरतात कशाने? १९६५ साली ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी, रोग उघड झाल्यावर लवकरच दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. त्यांपैकी १५ जणांच्या बेटांत लिंफोसाइट, म्हणजे रक्षक पांढऱ्या पेशी, शिरलेल्या दिसल्या. पुढे १९७४ साली लंडनमध्ये बोटाझो आणि डोनिआक यांना काही रुग्णांच्या रक्तात याच बेटांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. कुंपणच शेत खात होते.

हे कुंपण चुकते कसे? १९७४ सालीच कॅनबेरा येथे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवले की, टी जातीच्या लिंफोसाइट परके द्रव्य सुटे ओळखत नाहीत. शरीराच्या स्वतःच्या खुणेसह ते समोर आले, तरच ओळखतात. पुढे कळले की ही खूण म्हणजे जणू द्रोण. त्यात प्रथिनाचा लहानसा तुकडा ठेवलेला असतो. कोणाचे द्रोण कसे, हे आनुवंशिकतेने ठरते. काही द्रोणांत इन्सुलिनचा तुकडा अशा रीतीने बसतो की रक्षकांची फसगत होते. इन्सुलिनच्या ५१ दुव्यांपैकी केवळ एक बदलून वाढवलेले मधुमेही वाणाचे उंदीर या रोगातून बचावले, असे २००५ साली दिसून आले. ज्या इन्सुलिनवर मूल जगते, त्याचाच तुकडा या रोगाचे एक निमित्त ठरतो!

या रक्षकांची शाळा छातीतील थायमस ग्रंथीत भरते. तेथे त्यांना स्वकीय प्रथिने दाखवतात. त्यांच्यावर धावून जाणाऱ्या बहुतेकांना तेथेच संपवले जाते. ज्यांच्या थायमसमध्ये आनुवंशिकतेने इन्सुलिन अधिक बनते त्यांना धोका कमी, असे १९९७ साली आढळले. धडा कमी मिळाला, तर काही अडाणी रक्षक बाहेर पडतात.

२०२२ साली अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. या पेशींना आवर घालून ते रोग सरासरी दोन वर्षे लांबवते. बालपणातली दोन वर्षे थोडी नव्हेत. परंतु या ज्ञानाचा लाभ औषधापुरताच नाही. हा मधुमेह पेढ्याने होत नाही, आईच्या हाताने तर नाहीच. एवढे आपण शेजारच्या घरी जाऊन सांगितले, तरी एका माउलीच्या मनावरचा धोंडा उतरेल.