करवंदांची पंगत

आमचं आजोळ इगतपुरीचं. नाशकात मे महिन्यात वाड्याच्या फरशीवर पाय पोळायचे आणि अवघ्या 45 किलोमीटरवर, घाटमाथ्यावर, आजी रात्री अंगावर गोधडी घालायची. परीक्षा संपली की आई आम्हाला नाशिकरोडला गाडीत बसवायची. घोटी गेलं की खिडकीतून थंड वारा येई आणि आई आपोआप माहेरच्या आवाजात बोलायला लागे.

आण्णा, म्हणजे आईचे वडील, रेल्वेत ड्रायव्हर होते. कसाऱ्याहून वर येताना 37 फुटांना 1 फूट चढ, त्यामुळे गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लागत. त्यांना बँकर म्हणत. आण्णांची उमेदीची वर्षं त्या बँकरवरच गेली. घाटातली ही वाट 1865 साली सुरू झाली. आण्णांचे आजोबा तिच्या कामावर गवंडी होते, असं घरात सांगत. कागद काही नाही, पण एका बोगद्यापाशी आण्णा हमखास हात जोडायचे, आणि का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

आजीला घड्याळ कधी लागलंच नाही. मुंबईकडून वर येणारी प्रत्येक गाडी इंजिन बदलायला इगतपुरीत थांबायचीच. त्या थांबण्या-सुटण्यावर तिचा स्वयंपाक चाले. पंजाब मेल गेली की भाताला आधण, अमकी पॅसेंजर आली की विरजण. गाडी लेट झाली तर आमचं जेवणही लेट.

धाकट्या मावशीचं लग्न 1974 च्या मे महिन्यात ठरलं. आणि 8 मेला रेल्वेचा संप सुरू झाला. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांना आधीच, 2 तारखेला, पकडलं होतं. बोनस हवा, इंजिनावरच्या माणसांना आठ तासांची ड्युटी हवी, अशा मागण्या होत्या. आण्णा निवृत्त झाले होते, पण मामा फायरमन. तो पहिल्या दिवसापासून संपात. धरपकड सुरू झाली तसा तो घरी झोपायचा बंद झाला. कुठे आहे, हे आजीला ठाऊक असावं, कारण ती रोज चार भाकऱ्या जास्तीच्या थापायची आणि त्या संध्याकाळपर्यंत कुठेतरी जायच्या.

लग्न पुढे ढकला, असं सगळे म्हणाले. आजी म्हणाली, "गाड्या थांबल्यात, मुहूर्त थांबलाय का?"

एसटीला तोबा गर्दी. शेवटी बाबांनी मुंबईला कांदा नेणारा एक ट्रक गाठला. उन्हाळ कांद्याच्या गोण्यांवर आम्ही सात जण, मधोमध कुरडया-पापडांचे डबे, आणि माझ्या मांडीवर मावशीसाठी तांबट आळीतून घेतलेलं पितळी घंगाळ. ते पोचेस्तोवर सोडायचं नाही, अशी ताकीद होती. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी. खड्डा आला की घंगाळ घणघणायचं आणि आई वळून बघायची. अंगाला कांद्याचा वास घेऊनच आम्ही मांडवात उतरलो.

इगतपुरी मला ओळखूच आली नाही. यार्डात डबे नुसते उभे. एखाददुसरी गाडी मिलिटरीची माणसं घेऊन चालवत, ती आली की चाळीतल्या बायका बोलायच्या थांबत आणि ती जाईपर्यंत कुणी कुणाकडे बघत नसे. दुसऱ्या दिवशी घाटनदेवीची ओटी भरायला गेलो. तिथून खाली घाट दिसतो. रिकामे रूळ उन्हात चमकत होते आणि आण्णा कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले.

आजीचा भात त्या दिवसांत रोज बिघडला. कधी गिचका, कधी कच्चा.

पोखरणचा अणुस्फोट 18 मेचा. रेडिओवर ती बातमी आली तेव्हा आपण हळद दळत होतो, असं आई छातीठोकपणे सांगते. मावशी म्हणते, छे, रेडिओ फक्त संपाच्या बातम्यांपुरता लावत होते. दोघींचा हा वाद अजून मिटलेला नाही.

करवंदांचं मात्र मला स्वच्छ आठवतं. एरवी ठाकरणी पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन गाड्यांपाशी यायच्या. यंदा गाड्याच नाहीत. पाट्या तशाच भरलेल्या, आणि करवंद काही चार दिवस टिकायचं नाही. त्या चाळीत आल्या. आजीने सगळ्या पाट्या उतरवून घेतल्या. साखर रेशनची, तीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कार्डांवरची, त्यामुळे गोडधोड बेताचंच होतं. मग पंगतीत प्रत्येक पत्रावळीवर जिलबीचं एकच वेढं आणि शेजारी करवंदांचा एक द्रोण. काळीभोर, देठाशी पांढरा चीक. जेवून उठलेल्या वऱ्हाड्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या. कल्याणहून शंभर माणसं यायची, ती एसटीने बाराच येऊ शकली. उरलेलं सगळं अन्न आजीने पातेल्यांसकट चाळीत वाटलं. त्या महिन्यात तिथे कुणाच्या घरी पगार यायचा नव्हता.

मुहूर्ताची घटिका आम्ही आणलेल्या त्याच घंगाळात टाकली होती. अक्षता पडल्या, लाजाहोम सुरू झाला आणि कानपिळीला नवरीचा भाऊ हवा म्हणून भटजी इकडेतिकडे बघू लागले. तेवढ्यात मागच्या दाराने मामा आला. डोक्यावर कुणाचं तरी घोंगडं, दाढी वाढलेली, पायांना लाल माती. कुणी हाक मारली नाही. तो सरळ होमापाशी गेला आणि त्याने नवरदेवाचा कान असा पिळला की तो बिचारा कळवळला. मग दोघंही हसले आणि मावशी रडायला लागली. नवरदेवाने कानपिळीचा मान म्हणून शर्टाचं कापड दिलं. मामाने ते आजीच्या हातात ठेवलं, घोंगडं ओढलं आणि आल्या वाटेने गेला. उभ्या उभ्याच एक जिलबी खाल्लीन, एवढंच.

संप 27 मेला मागे घेतला गेला. मामाची नोकरी मात्र तेव्हा गेली ती गेलीच. 1977 मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, काढलेल्या संपकऱ्यांना परत घेतलं, तेव्हा तोही परत इंजिनावर चढला. मधली तीन वर्षं त्याने घोटीच्या भातगिरणीत पोती वाहिली. ते कापड त्याने शिवून घेतलं नाही. कामावर परत जाईन तेव्हा, म्हणाला होता. आणि खरंच, पहिल्या दिवशी त्याच शर्टात गेला.

पण हे सगळं पुढचं. तेव्हा आम्ही नाशकात परतलो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आजीचं कार्ड आलं. आईने ते अजून पोथीत ठेवलंय. मामाबद्दल त्यात अक्षर नाही. पाऊस चढतोय, कैरीचं लोणचं घातलं, मुलांना आशीर्वाद. आणि खाली, कोपऱ्यात दाटीवाटीने: गाड्या लागल्या. काल भात नीट झाला.