रोजगारपूर्व तयारी, दिव्यांग विद्यार्थ्यांची (अमेरिका)

माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत दिव्यांग मुलामुलींना नोकरी व स्वावलंबी जीवनासाठी दिले जाणारे शिक्षण. १९९० च्या दिव्यांग शिक्षण कायद्याने अमेरिकी शाळांवर ही जबाबदारी टाकली. २००४ च्या सुधारणेनुसार विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात सोळाव्या वर्षापासून हे नियोजन असावेच लागते. हे नियोजन ठरवण्याच्या बैठकीला खुद्द विद्यार्थ्यालाही बोलवावे लागते. २०१४ च्या दुसऱ्या एका कायद्याने व्यावसायिक पुनर्वसनाच्या केंद्रीय निधीतील किमान १५ टक्के रक्कम अशा तयारीसाठी राखली. व्यवसायांची ओळख, पुढील शिक्षणाचा सल्ला, कामावरची वागणूक, प्रत्यक्ष अनुभव आणि आपली गरज स्वतः मांडणे हे तिचे पाच भाग. शेवटचा वरवर किरकोळ, पण कळीचा: शाळेत सोयी पुरवणे हे शाळेचे काम असते, नोकरीत त्या मागाव्या लागतात.

प्रत्यक्ष अनुभवातून अशी तयारी करून घेणारा ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सुरू झाला. आपत्कालीन विभागात साहित्य भरून ठेवणारे कर्मचारी टिकत नसत. त्या जागी बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन नेमण्यात आले. यात शाळेचे शेवटचे वर्ष कामाच्या ठिकाणीच, आलटूनपालटून वेगवेगळ्या विभागांत जाते.